ताल सोडणारे सर

ओढण्यांची पेटी आणायला वैजयंती चौथीच्या वर्गात शिरली आणि दारातच थबकली. एक अनोळखी तरुण त्याच पेटीतल्या पिवळ्या ओढणीने फळा पुसत होता. मन लावून… अगदी कोपऱ्यांसकट!

"अहो! हे काय करून राह्यले तुमी?"

तो दचकून वळला. भुवयांवर खडूची पूड. "मी धम्मरत्न. वाशिमहून आलो, चौथीवर. महिनाभराची ऑर्डर आहे. डस्टर सापडलं नाही, मॅडम, मंग हे फडकं—"

"फडकं? रिसोडच्या दुकानात दोन घंटे बसून निवडल्या मी ओढण्या! दुसरीचे लेकरं डफलीवर नाचवतात त्या."

"डफलीवर? कशा?"

त्याने इतक्या भाबडेपणाने विचारलं, की तिला धड रागावताही येईना. तिने सांगितलं… डफली सावकाश वाजली की ओढणी हवेत झुलवायची, जलद वाजली की पळवायची, थांबली की पुतळा.

दुसऱ्या दिवशी त्याने ओढणी धुऊन, इस्त्री करून आणली. मधोमध जळून पडलेलं भोक!

"इस्त्री जरा जास्तच तापली…" तो पुटपुटला.

"जॉर्जेट आहे ते, सर!"

भरपाई म्हणून त्याने तुरीची डाळ घालून बाटल्यांचे खुळखुळे केले. पहिल्याच तासाला दुसरीच्या मुलांनी ते हलवले आणि चार झाकणं उडाली. वर्गभर डाळच डाळ! वैजयंतीने कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं…

चंदा होती ती. ऊसतोडीहून आईबापांसोबत परतल्यापासून तोंडातून शब्द न काढणारी. धम्मरत्न तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. एक खुळखुळा तिला दिला, एक स्वतः घेतला. तो दोनदा वाजवी, ती दोनदा. ती तीनदा… तो चारदा!

"चूक झाली सर तुमची," चंदा म्हणाली.

वैजयंती खिडकीकडे वळून उगाच ओढण्यांच्या घड्या करत राहिली. डोळे भरले होते, आणि ते या माणसाला दिसायला नको होते.

महिना संपत आला. शुक्रवारी केंद्रप्रमुख तिचा तास पाहायला येणार होते. ती मुलांसोबत नाचणार, म्हणून डफली धम्मरत्नकडे. तालमीत तो सावकाश सुरू करी आणि बघता बघता असा सुटे, की मुलं एकमेकांवर आपटत. तीनदा झालं. चौथ्यांदा ओढण्यांचा गुंताच झाला.

मधल्या सुट्टीत मुलं खिचडीला पळाली, तशी ती त्याच्यापुढे उभी ठाकली. "सर, कायले पळता एवढे? बस सुटून राह्यली का तुमची?"

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावलेलीच हाओ मी. सांगा."

"तुमच्याकडे पाह्यलं… का हात आपोआप जलद होते."

तिने घाईने ओढण्यांचा गुंता सोडवायला घेतला. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

"मंग उद्या भिंतीकडे पाहून वाजवा," ती कशीबशी म्हणाली.

त्याने खरंच भिंतीकडे पाहून वाजवलं. तास सुरेख झाला. चंदा सगळ्यांच्या पुढे नाचली. केंद्रप्रमुखांनी शाबासकी दिली, आणि जाता जाता धम्मरत्नच्या हातात नव्या ऑर्डरचा कागद ठेवला. सोमवारपासून मानोऱ्याकडची शाळा.

संध्याकाळी फाटकाशी तो घुटमळला. "पोहरादेवीच्या पुढे आहे गाव. लांब पडते… येतो, मॅडम."

बस्स? एवढंच? महिनाभर जीव नकोसा केला, आणि आता नुसतं 'येतो'?

"रविवारी माझे बाबा घरीच राह्यतात," ती म्हणाली. "आमच्या गावाले, रिठदले. जानरावांचं घर कोणीबी दाखवते."

"बरं… त्यायच्याशी काही काम होतं का?"

"सर!"

"नाही म्हणजे, मी येतो ना. एकटाच—"

"एकटे नका येऊ!"

"मंग कोणाले आणू?"

वैजयंतीने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आईले! तुमच्या आईले घेऊन या!"