हात पाठीमागे

"सर बाजूला! तुला काय जमणार आहे!" हातातली पिशवीही खाली न ठेवता आई थेट पाळण्याकडे झेपावली, आणि लेकीच्या काळजात ती जुनीच कळ पुन्हा उठली...

पाळण्यात लेकीची तान्ही मुलगी, मुंगी, टाहो फोडत होती. दाराशी बालकल्याण समितीच्या बाई उभ्या होत्या. नातीने आजीकडे जायचं की आईकडेच राहायचं, ते आज त्या ठरवणार होत्या.

"आजी, थांबा!" मायलेकींना आसरा देणाऱ्या, त्या घराच्या मावशीचा आवाज चढला नाही, पण आई जागच्या जागी थबकली. "या घरात आई समोर असताना लेकराला दुसऱ्या कुणी उचलायचं नाही. हात पाठीमागे."

"पोर रडून रडून निळी पडली तरी?"

"तिची आई आहे ना इथे! शिवशिवतात तर माझेही हात. पण त्यांना शिक्षा दिलीय मी," म्हणत मावशीने वळून पाठीमागे घट्ट गुंफलेले हात दाखवले.

याच हातांचा लेकीने किती तिरस्कार केला होता! नवरा टाकून गेल्यावर शिवणकारखान्यात काजं करायच्या मशीनवर जाताना ती मुंगीला खोलीत कोंडून जाई. शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं तेव्हा बाईंनी मायलेकींची ताटातूट न करता दोघींना मावशीच्या घरी आणून ठेवलं. लेकरासकट आलेल्या आयांना मावशी मूल सांभाळायला शिकवी. अंघोळ कशी घालायची, ताप कसा ओळखायचा, सगळं सांगे, पण मुंगीला स्वतः हात म्हणून लावत नसे. केवढी दगडाच्या काळजाची बाई, असं वाटे... आणि मग एकदा भांडी घासताना मावशीच्या तळव्यांवर नखांचे लालबुंद वण दिसले होते. पोर रडे तेव्हा तेव्हा मावशी मुठी आवळून उभी राहत होती!

"अगं, तुझ्या भल्याचंच सांगते," आईचा सूर मऊ झाला. "हिला मी नेते. तू मोकळी होशील, नव्याने संसार मांडशील... आणि कुलूप घातलंस तेव्हा कुठे गेली होती गं तुझी माया?"

घाव वर्मी बसला. क्षणभर लेकीला वाटलं, द्यावी... लेकराचं तरी कल्याण होईल! पण पाय पाळण्याकडेच वळले.

"कुलूप मीच घातलं. चुकले!" मुंगीला छातीशी घेत ती म्हणाली. "पण त्याआधी तुझ्या दारात आले होते, आई. दिवसभर पोरीला ठेवून घे म्हणून हात जोडले होते. 'तोंड दाखवू नकोस,' म्हणालीस! आज पोर हवी आणि मी नको? मला नाही व्हायचं मोकळं. नाही देणार!"

मुंगी मात्र शांत होईना. खांद्यावर डोकं आपटत ती जास्तच रडू लागली. बाई बघत होत्या. आईचे हात आपसूक पुढे आले...

"माझ्याकडे लगेच गप्प होईल गं!"

"होईल. मावशीकडेही होईल. पण तिची आई मी आहे. घेईन ना मी शिकून!" मुंगीला थोपटत ती खिडकीपाशी येरझारा घालतच राहिली.

"मग मी काय करू?" आईने पुढे आलेले हात मागे घेतले. "नुसती बघत उभी राहू?"

"माझ्या पाठीवर हात ठेव..." इतका वेळ ताठ असलेला लेकीचा आवाज फुटला. "तुझं लेकरू ही नाही, आई... तुझं लेकरू मी आहे!"

आईच्या हातातली पिशवी गळून पडली. कित्येक वर्षांनी तो खरखरीत हात लेकीच्या पाठीवर आला, अडखळला, आणि हळूहळू फिरू लागला. त्या स्पर्शाने तिचे आवळलेले खांदे सैलावले, आणि त्या सैल खांद्यावर मुंगीचे हुंदके एकेक करून विरत गेले...

"दोघी एकत्रच राहतील," बाई घसा खाकरत म्हणाल्या. "आजी, तुम्ही मात्र येत जा."

"आले तरी हात पाठीमागेच ना?" आईने नाक ओढत विचारलं.

"नातीपुरते," मावशी म्हणाली. "लेकीला हवं तेवढं कुरवाळा!"