खारी लादी

मे महिन्याची दुपार, आणि कळमन्यातल्या बर्फाच्या कारखान्यासमोर ही गर्दी! लस्सीवाले, रसवंतीवाले, लग्नघरचे मामे… ज्याला त्याला आपली लादी आधी हवी. काउंटरवर नूपुर एकटी. बाबा कळमन्यातच संत्र्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलेले. पावती फाडता फाडता तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि नेमक्या त्याच वेळी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला एक उंच, चष्मेवाला पोट्टा पुढे येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“नमस्कार. मला एक खारी लादी हवी आहे.”

झालं! दूधवाल्याला भर चौकात ‘पाणी घातलेलं दूध द्या’ म्हणण्यापैकीच हे. बर्फाच्या कारखान्यात गोड्या पाण्याचे लोखंडी डबे मिठाच्या थंडगार टाक्यात उभे करतात. डबा गळका निघाला की मीठ आत शिरतं आणि लादी खारट, भुसभुशीत होते. ती कुणी विकत नाही, मागच्या नालीत फेकून देतात. नूपुरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय म्हटलं? आमच्या इथं खारी लादी विकतात असं कोनं सांगतलं तुम्हाले?”

“कुणी नाही सांगितलं. मी… म्हणजे, आशेनं आलोय.”

“आशेनं?”

“समुद्राचा बर्फ असाच असतो ना. जरीपटक्याच्या कॉलेजात माझं व्याख्यान आहे, मुलांना दाखवायचा होता. तीन कारखान्यांतून हाकलून दिलं मला.” त्याने चष्मा पुसला. डोळे मात्र असे निर्मळ, की नूपुरची पुढची शिवी घशातच राहिली.

आतून नत्थू मिस्त्री हसत बाहेर आला. कारखान्यातला हा सर्वांत जुना माणूस, टाक्यातले सगळे डबे तो नंबरानं ओळखायचा म्हटलं तरी चालेल. “घ्या ना जी, सतरा नंबरचा डबा सकाळपासून गळून राहिला. आत्ताच काढली लादी, फेकाले चाललो होतो.”

त्या पोट्ट्याचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! फेकायची लादी त्याने दोन्ही हातांनी उचलली, शर्ट भिजला, बोटं बधिर झाली, तरी हसतोच आहे. ऑटोत बसताना म्हणाला, “मी नागसेन. पुढच्या शनिवारी पण मिळेल का?”

“तोवर डब्याले डाग देऊन भोक बुजवून टाकू आम्ही,” नूपुर फणकाऱ्याने म्हणाली.

आणि संध्याकाळी नत्थू डाग द्यायला बसला, तेव्हा हीच बाई म्हणते कशी… “राहू द्या ना काका. एवढी काय घाई हाय?”

नत्थूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने सामान आवरलं.

मग शनिवारमागून शनिवार आले. नागसेन मूळचा खाप्याचा, कन्हान नदीत डुंबून मोठा झालेला. आणि आता काम काय, तर उपग्रहाच्या चित्रांवरून ध्रुवांकडचा बर्फ मोजायचा! नागपूरच्या सेहेचाळीस डिग्रीत बसून! नूपुरला याचं हसू आवरत नसे. पण तो सांगायला लागला की ती पावतीबुक मिटून ऐकत बसायची.

“समुद्र गोठताना मीठ बाहेर ढकलतो,” तो म्हणायचा. “थोडं मात्र बारीक कप्प्यांत अडकून राहतं. बर्फ उन्हाळ्यात टिकला, वर्षानुवर्षं टिकला, तर तेही हळूहळू गळून जातं. जुना बर्फ चक्क पिण्यासारखा असतो.”

“म्हणजे जुना झाला का गोड होते?”

“हो. पण टिकतो कुठे आता? उत्तरेकडे एकोणीसशे एकोणऐंशीपासून मोजतोय आम्ही लोक. उन्हाळ्याच्या शेवटी उरणारा बर्फ एक-तृतीयांशाहून जास्त घटलाय. उरलाय तो बराचसा कोवळा, पातळ.”

“आन् दक्षिणेकडे?”

“तिकडचा फार लहरी. कितीतरी वर्षं किंचित वाढत होता, आणि दहाएक वर्षांपूर्वी एकदम धाडकन उतरला.”

एकदा त्याने अंगणात दोन तुकडे ठेवले. एकावर तिची पांढरी ओढणी घातली, दुसऱ्यावर छत्रीचं काळं कापड. काळ्याखालचा तुकडा बघता बघता पाणी झाला. “असंच आहे,” तो म्हणाला. “पांढरा बर्फ ऊन परतवतो. बर्फ गेला की खाली काळंभोर पाणी, ते ऊन पिऊन घेतं. पाणी तापलं की आणखी बर्फ जातो.”

“म्हणजे एकदा विरघळाले लागलं का थांबतच नाही?” नूपुरने विचारलं. पाहत मात्र होती ती त्याच्याकडे.

“थांबतं ना… उष्णता कमी केली तर.”

“आन् कोनाले कमीच करायची नसन त?”

तो कानापर्यंत लाल झाला. ऊन होतं म्हणा, पण एवढंही नव्हतं.

एक खोड मात्र त्याची भारी. काहीही विचारा, तो ठाम बोलायचा नाही. यंदा ऊन जास्त आहे का? “एका उन्हाळ्यावरून काही म्हणता येत नाही, तीस वर्षांची सरासरी पाहावी लागते.” बर्फ घटला तर आपल्या पावसाचं काय होईल? “संबंध दिसतो, पण अजून तपासणं चालू आहे.” नत्थूच्या हातचा चहा कसा झालाय, यावरसुद्धा म्हणाला होता, “दोनच कप प्यायलोय.”

आणि या खोडीनेच घात केला. नूपुरच्या बाबांना सगळे दादाजी म्हणत. माणूस सरळ आणि रोखठोक. ऑगस्टात एका शनिवारी त्यांनी नागसेनला समोर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “तीन महिने झाले येऊन राहिला बाबू. आमच्या नूपुरबद्दल तुहा काय विचार आहे?”

पडद्याआड नूपुर कान देऊन उभी. बोल ना रे बाबा… एक शब्द बोल!

नागसेन घाबरला. आणि घाबरून, सवयीने, बोलून गेला, “इतक्यात निष्कर्ष काढणं घाईचं होईल, दादाजी. माहिती अपुरी आहे.”

“माहिती? माही पोरगी म्हणजे काय उपग्रहाचं चित्र हाय? उठ! माहिती पुरली का ये, तोवर इकडे फिरकू नको!”

तो गेला. जाताना फाटकाशी थबकला, तोंड उघडलं, मिटलं, आणि गेलाच. नूपुरला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्याने आणखीच राग आला. मी काही फोन करणार नाही, तिने ठरवलं. त्याचा फोन यायचा नाही असं नाही. यायचा, आणि दोघंही “हं… आणि काय?” करून ठेवून द्यायचे. सप्टेंबरात मात्र त्याने कळवलं की अंटार्क्टिकाच्या मोहिमेत निवड झाली आहे. नोव्हेंबरात निघायचं. चौदा महिने.

चौदा महिने! नूपुरने त्या रात्री उशी भिजवली. न बोलताच गेला हा, तर आपण कुणाची वाट पाहायची, आणि कुठल्या नात्याने? सतरा नंबरचा डबा मात्र तिने तसाच गळका ठेवला होता. का, ते तिचं तिलाच माहीत.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर दरवर्षी दादाजींचा पाण्याचा स्टॉल असे. लांबलांबून आलेल्या लोकांना फुकट थंड पाणी, आणि पहिला गिलास दादाजी स्वतः चाखून पाहणार, हा नेम. यंदाही मोठ्या पिंपात लादी फोडून टाकली. दादाजींनी गिलास भरला, एक घोट घेतला… आणि फुर्रकन बाहेर!

“खारट! अरे, समुद्र आणला का इथं? नत्थू!”

नत्थूने कपाळावर हात मारला. पहाटेच्या घाईत सतरा नंबरची लादी गाडीत चढली होती.

“पाच महिन्यापासून तो डबा गळून राहिला? डाग काहून नाही दिला?”

नत्थूने हळूच नूपुरकडे पाहिलं. आणि तेवढ्यात, अगदी तेवढ्यातच, गर्दीतून पांढरा दुपट्टा बांधलेला नागसेन समोर येऊन उभा! “जय भीम, दादाजी. निघायच्या आधी भेटायला…” तो म्हणाला, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून तिथेच थांबला.

नूपुर पुढे झाली. आता लपवून काय उपयोग? “मीच नाही म्हटलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “डाग दिला असता त खारी लादी बंद झाली असती. आन् खारी लादी बंद झाली असती त… हा आला नसता.”

नागसेन पुढे सरकला. “मला हाकलून दिल्यावरसुद्धा?”

“हाव. त्याच्यानंतरसुद्धा.”

दादाजींनी हातातला गिलास खाली ठेवला. “काय गा? आता तरी माहिती पुरली का?”

नागसेनने चष्मा काढला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून पुस्तकातली भाषा गेली, खाप्याची आली.

“नाही पुरली, दादाजी. पाचच महिन्याची हाय. आमच्यात काही सांगाले कमीत कमी तीस वर्षं लागतात. मले नूपुरसोबत तीस वर्षं राहू द्या… मंग सांगतो. तोवर एवढंच सांगता येते का, हिच्याबिगर मले एक शनिवार काढवत नाही.”

“आन् तीस वर्षांनीही नाही पुरली त?”

“मुदत वाढवून मागीन.”

दादाजींनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण मिशी हललीच. “पोरीले विचार. मी कोण देनारा?”

नूपुर ओढणीचं टोक पिळत उभी होती. डोळे भरले होते, ओठ हसत होते. “त्यातले चौदा महिने त तू बर्फावरच राहशीन.”

“धरायचे का नाही, तू सांग.”

“धर. पण फोनवर ‘हं’ म्हटलं त एक वर्ष कापीन.”

मग तिने डोळे पुसले, पिंप रिकामं करायला घेतलं, आणि मागे वळून म्हणाली, “नत्थूकाका, सतराले आता डाग देऊन टाका.”

“काहून?” नागसेन दचकलाच. “मंग मी कायच्यासाठी येऊ?”

“घरी येनाऱ्या माणसाले,” नूपुर म्हणाली, “बहाना लागत नाही.”