चोचीखालचा अंगठा

दिव्याचं माप घ्यायला मी संग्रहालयात गेलो होतो, बाकी काही नाही. दुपारचे तीन वाजले होते. खिशात मोजपट्टी, कागद आणि मामाच्या शिव्या.

मामाची मातीकामाची कार्यशाळा आहे. संग्रहालयाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या दिव्याच्या वीस प्रती हव्या होत्या. ज्यांना दिसत नाही, त्यांना हातात घेऊन बघता याव्यात म्हणून. उथळ वाटी, आणि वातीसाठी काठ चिमटून काढलेली चोच. पण आमचा प्रत्येक दिवा वाळताना चोचीपाशी तडकत होता. मामा म्हणे, माती खराब. त्याचे हात थरथरतात हे कार्यशाळेतल्या मांजरालाही माहीत आहे. पण मोठी माणसं चुकत नाहीत, माती चुकते. माझे दिवे तडकले, की तीच माती लगेच चांगली व्हायची. माझ्या हातांचं कौतुक म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात माती कापायच्या तारेनं अंगठा चिरून घेतला होता. तिरका व्रण अजून आहे.

कॉलेज सोडल्यापासून बाबा मला 'अर्धवट' म्हणतात. शनिवारपर्यंत दिवे झाले नाहीत, तर सोमवारपासून मी काकाच्या ऑफिसात फायली लावायच्या, हे त्यांनी आणि मामानं मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

संग्रहालयाच्या तळघराला खिडकी नाही. तिथल्या मॅडमनी दिवा टेबलावर ठेवला, मला हातमोजे दिले.

"काढायचे नाहीत हं. मी रजिस्टर घेऊन येते."

"मी काय खाणार आहे का दिवा?"

"तुझा नेम नाही, असं तुझे मामाच म्हणाले."

त्या गेल्या. मी मोजपट्टी लावली, आणि वीज गेली.

काळोख मला नवा नाही. पण हा डोळ्यांवर चढून बसणारा होता. पंख्याची घरघर विरली. मग वास आला... ओल्या मातीचा. त्या खोलीत ओलं काहीच नव्हतं. मग टेबलापलीकडून आवाज. थप... थप... ओली माती थापटल्याचा.

"मॅडम...?"

आवाज थांबला. दिवा पडेल म्हणून मी चाचपायला लागलो. मोज्यांतून कळेना, म्हणून ते काढले. दोन हजार वर्षांपूर्वी भाजलेला तो दिवा माझ्या हातात... मऊ होता. गार, ओला.

त्यावर आणखी एक हात आला. लहान, खरखरीत. हात मागे घ्यावा, तर दिवा पडेल. त्या हातानं माझा अंगठा धरला. मामा धरतो तसा खसकन नाही... सावकाश. चोचीखाली नेला. तिथे एक खळगा होता. त्याच्या शेजारी माझा अंगठा खालून वर दाबला, आणि मगच वरून काठ चिमटला. मी चुकलो, तेव्हा बोटं सोडवून पुन्हा लावली. वीस वर्षांत मला कुणी इतक्या शांतपणे काही शिकवलं नव्हतं.

वीज आली. खोलीत मी एकटा. दिवा टणक, कोरडा.

दुसऱ्या दिवशी मी अंगठ्याचा आधार खालून देत वीस दिवे घडवले. वाळले, भट्टीतून निघाले. एकही तडकला नाही. मामानं एकेक उलटापालटा करून पाहिला.

"माती बदललीस?"

"तीच. खराबवाली."

त्यानं चोचीखालच्या ठशावर बोट फिरवलं. मग हात पुढे करून म्हणाला, "अंगठा कुठे लावतोस... दाखव जरा." मी त्याचा थरथरता अंगठा धरला. सावकाश.

"सोमवारी आठला ये," तो म्हणाला. "फायली काका लावेल."

शनिवारी मॅडमनी माझा एक दिवा भिंगाखाली उलटा धरला. मग रजिस्टर उघडलं. मूळ दिव्याचा फोटो, खाली तारीख. माझ्या जन्माच्या पाच वर्षं आधीची.

"चोचीखाली दोन ठसे आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लहान ठसा घडवणाऱ्याचा. दुसरा शिकणाऱ्याचा असावा, असं मी तेव्हाच लिहून ठेवलंय."

फोटोतल्या दुसऱ्या ठशावर एक तिरकी चीर होती, माझ्या दिव्यावरच्या ठशासारखीच.

"तुझा अंगठा बघू..."

मी मूठ घट्ट मिटली. आत काहीतरी ओलं, गार लागत होतं. बोटांच्या फटीतून मातीचा वास येत होता.