साकु

ताटातला नारळ घरंगळत चुलीपाशी गेला, फेटा जमिनीवर उलगडला, आणि दानम्माच्या हातातली भाकरी हातातच राहिली...

"कुस्ती विकणाऱ्यानं मला वस्ताद निवडून देऊ नये!" ताट उधळून ईश्वरप्पा ओरडला.

हे वाक्य त्या घरात गेली कित्येक वर्षं होतंच. कणगीभोवतून झाडावं तसे सगळे त्याच्याभोवतून झाडत आले होते, इतकंच. आज कणगी फुटली!

थोरल्या भावानं, विरुपाक्षानं, वाकून नारळ उचलला. तो नुकताच गिरणीच्या पाळीवरून आला होता. कापसाचे तंतू अजून भुवयांवर होते. अपमान व्हायचाच असेल तर तो निदान बसून ऐकावा, एवढीच त्या थकलेल्या जिवाची वासना उरली होती.

"सुम्म कूड, ईशू! गप बस!" त्यांची आई दानम्मा कळवळून म्हणाली. "बापामागं त्यानं वाढवलं तुला..."

"मग विकायला वाढवलं का, अव्वा? ज्या बिरप्पाला ह्यानं कुस्ती विकली, त्याच्याच तालमीत मला घालतोय! मी तात्याबा वस्तादाकडं जाणार."

वस्तादापुढं नारळ फुटला की माणूस जन्माचा शागीर्द. मग दुसऱ्या तालमीची माती अंगाला लागली तरी ती बेइमानी. सोयरीक चुकली तर माणूस कसंबसं निभावून नेतो. वस्ताद चुकला तर हात जातो, नाहीतर पाय. त्यामुळं हा नारळ कुणापुढं फुटतो, हा त्या घरात साधा प्रश्न नव्हता.

गावाला माहीत होती ती हकीकत अशी : गड्ड्याच्या जत्रेत विरुपाक्षाची कुस्ती बिरप्पा धनगराशी लागली. विरुपाक्षानं त्याला खाली घेऊन हात पाठीशी पिळला. आता चीत होणार, म्हणून लोकांनी टोप्या उडवल्या... आणि विरुपाक्षानं हात सोडला! टोप्या खाली यायच्या आत तोच आभाळाकडं बघत पडला होता. त्याच्या वस्तादानं, तात्याबानं, भर मैदानात त्याच्या तोंडावर माती फेकली. लोकांनी 'नुरा, नुरा' म्हणून हाकाटी केली. म्हणजे आधीच ठरवलेली, विकलेली कुस्ती. बार्शीची ठरत आलेली सोयरीक मोडली. विरुपाक्ष गिरणीत लागला आणि त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलला नाही. न बोलणाऱ्याचं पाप लोक मोठ्या हौसेनं बोलतात.

"दोनी तालमी बघून या," दानम्मा डोळे पुसत म्हणाली, "मग भांडा."

तात्याबाची तालीम डोळ्यांत भरणारी होती. आत मारुती होता. मारुतीपेक्षा मोठी तात्याबाची तसबीर होती. हार दोघांना सारखेच. विरुपाक्ष उंबऱ्याबाहेर थांबला. आत पाऊल टाकायची त्याला बंदी होती.

"ह्येचा भाऊ व्हय तू?" तात्याबानं मिशीवरून हात फिरवला. "गडी झ्याक हाय की! फकस्त इकाऊ न्हाय न्हवं?"

तालीम हसली. ईश्वरप्पाही हसला. ते हसू उंबऱ्याबाहेर पोचलं, आणि विरुपाक्ष समोरच्या भिंतीवरचा चुना बघू लागला.

मातीत एक जोड लागली होती. खालचा पोरगा अक्कलकोटाकडचा. त्याचा हात मागं पिळला गेला तसा तो मातीत तोंड खुपसून ओरडला, "साकु! साकु, री!"

ईश्वरप्पा दचकला. कानडीत साकु म्हणजे पुरे. घरात तो शब्द तो रोज ताटावर हात धरून म्हणायचा.

"काय बडबडतंय त्ये?" तात्याबा म्हणाला. "दाब!"

ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

बाहेर विरुपाक्षानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. ईश्वरप्पा बाहेर येऊन त्याच्या मागून चालू लागला. नारळ ईश्वरप्पाच्याच हातात राहिला होता.

बिरप्पाची तालीम म्हणजे लिंबाखालचं पत्र्याचं छप्पर. तसबीर नव्हती. लिंबाला तिची उणीव भासत नसावी. आत विणकराची दोन तेलुगू पोरं झुंजत होती. खालच्यानं "साकु!" म्हटलं, आणि वरच्याचे हात चटका बसल्यासारखे सुटले.

"तुमी तर तेलुगू," ईश्वरप्पा चकित होऊन म्हणाला. "मग हा शब्द?"

"हितला कायदा हाय," धापा टाकत पोरगा म्हणाला. "पठाणाची पोरंबी साकुच म्हणत्यात. म्हटलं की सोडायचं. न्हाय सोडलं तर वस्ताद तालमीतनं काडत्यात."

एवढ्यात बिरप्पा आला. दांडगा, केस पिकलेला. त्याची नजर दारातल्या विरुपाक्षावर गेली आणि तो जागीच थबकला.

"पैलवान... आलात?"

"भावाला आणलंय," विरुपाक्ष म्हणाला. "बघ, तुझ्या मातीला चालतो का."

"वस्ताद, हा कायदा कुणी घातला?" ईश्वरप्पानं विचारलं.

बिरप्पानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग विरुपाक्षाकडं. "घरात सांगितलं न्हाय व्हय अजून? आरं, गड्ड्यावर माजा खांदा निखळत हुता. मी मातीत तोंड घालून साकु म्हणलो. ह्येनं सोडलं. आन् मी... मी ह्येलाच पाडलं, लेका! सांगाय गेलतो मी गिरणीच्या दारात. ह्येनंच माजं तोंड दाबलं. म्हणला, कुस्ती जिंकल्याच्या त्या फेट्यावर तुजं लगीन ठरलंय, गप ऱ्हा."

असं म्हणून तो मोठा वस्ताद, सगळ्या शागिर्दांदेखत, गिरणीतल्या एका कामगाराच्या पायांवर वाकला.

"साकु, बिरप्पा," विरुपाक्ष गडबडून मागं सरला. "अरे, साकु..."

ईश्वरप्पाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "अण्णा! इतकी वर्षं... का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न विरुपाक्षाला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"सांगायचंच होतं," तो हळूच म्हणाला, "तर मग सोडलं कशाला?"

नारळ लिंबाखाली फुटला.

घरी दानम्मानं सगळं ऐकलं. पदरात तोंड लपवून ती खूप रडली. मग उठून तिनं थोरल्याच्या ताटात भाकरी वाढली, वर शेंगाची चटणी, वर दही. मग आणखी एक भाकरी.

"साकु, अव्वा," विरुपाक्षानं ताटावर हात धरला.

दानम्मानं तो हात बाजूला केला, आणि तिसरी वाढली. बिरप्पाचा कायदा त्या चुलीपर्यंत पोचला नव्हता.