दिसतोय, ये

काकाच्या दुकानात कॅमेरे, वायरी, स्क्रू आणि उपदेश मिळतो. पहिल्या तीन गोष्टी मागाव्या लागतात. त्या रात्री लाइट गेली होती. शटर अर्धं खाली ओढलेलं, काउंटरवर टॉर्च उभी करून ठेवलेली, आणि दुकानातली पोरं रिकाम्या खोक्यांवर बसलेली. काकानं चष्मा काढून खिशात ठेवला. एरवी तो उपदेशासाठी चष्मा चढवतो, त्यामुळे पोरं जरा सावध झाली.

"भूत मी नाही बघितलं," काका म्हणाला. "बघितलेला माणूस बघितलाय. तुम्हीही रोज बघता. उंट."

पोरं फिस्सकन हसली. उंट म्हणजे तो उंच, वाकून चालणारा कॅमेरेवाला, जो उधार कधी घेत नाही आणि चहाला कधी नाही म्हणत नाही.

"हसून घ्या. पुढे जमणार नाही."

उंट आणि टेप्या शाळेपासूनचे जोडीदार. कॉलेज दोघांनी एकाच आठवड्यात सोडलं आणि घरोघरी सीसीटीव्ही कॅमेरे लावायला लागले. उंटाच्या घरी कुणी विचारलंसुद्धा नाही. टेप्याच्या घरी मात्र आभाळ कोसळलं, कारण त्याचा बाप साहेब होता. निवृत्त झाला तरी घरात साहेबच. बायकोशी बोलायचा ते शिपायाला फाइल आणायला सांगावं तसं.

टेप्याच्या मनगटात निळ्या टेपची गुंडाळी कायम असायची, बांगडीसारखी. म्हणून टेप्या. काम झालं की टेपचं टोक तो दुमडून ठेवायचा. "पुढच्या माणसाला सोडवायला नखं लागू नयेत," म्हणायचा. आणि वायर भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचा. पावसाचं पाणी वायरवरून घरंगळत येतं, झोळातून खाली ठिबकतं, भिंतीत जात नाही. उंटाला त्याचा कंटाळा. सरळ ओढली वायर की झालं, असं त्याचं मत. यावरून दोघांचं रोज वाजायचं.

कॅमेऱ्याचा रोख लावायची त्यांची एक पद्धत होती. उंट शिडीवर, हातात फोन. टेप्या खाली, चोर जिथे उभा राहील तिथे, हात वर करून. "दिसतोय का?" तो ओरडायचा. उंट कॅमेरा फिरवत राहायचा. चित्र बसलं की म्हणायचा, "दिसतोय, ये." तोवर खालच्यानं जागा सोडायची नाही, हात खाली करायचा नाही. एकदा उंट मुद्दाम गप्प बसला. भर उन्हात टेप्या हात वर करून उभा. शिव्या घातल्या, पण हलला नाही.

गेल्या वर्षी एका रात्री काम उरकल्यावर टेप्या म्हणाला, "घरी जातो. आज बाबांशी नीट बोलून बघतो." सकाळीच साहेबांनी सुनावलं होतं, शिडी खांद्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्याला या घरात जागा नाही.

मध्यरात्रीनंतर चौकात त्याला ट्रकनं उडवलं.

चौक घराच्या वाटेवरच. तो घरी पोचायच्या आधी गेला की घरून परत फिरल्यावर गेला, हे चौकाला विचारून कळत नाही. साहेब म्हणाले, "तो आलाच नव्हता." काकू, म्हणजे टेप्याची आई, त्या रात्री झोपेची गोळी घेऊन झोपली होती. तेव्हापासून ती एकच प्रश्न विचारत होती. आला होता का हो? आणि साहेबांचं उत्तर ठरलेलं. किती वेळा सांगू, नव्हता आला.

मग जानेवारीत काकूचा उंटाला फोन आला. रात्री फाटकाची कडी वाजते. साहेब म्हणतात गल्लीतली पोरं आहेत. त्यांना कॅमेरे लावायचेत. "दुसऱ्या कुणाला नको बोलावू म्हटलं. तूच ये रे."

उंट काकूसाठी गेला. साहेबांसाठी तो फाटकापर्यंतही गेला नसता.

शनिवार होता, महिन्यातला शेवटचा. दुपारी त्यानं वळचणीला शिडी लावली. साहेब खाली खुर्ची टाकून बसले आणि लगेच सुरू झाले.

"तिथे नको. भिंतीला भोक पडेल."

"भोक न पाडता करायचं तर मलाच इथे लटकावं लागेल, साहेब. कायमचं."

"तोंड फार चालतं तुझं. त्यालाही तूच..." साहेब थांबले.

"मीच काय?"

"काही नाही. काम कर."

उंटानं ड्रिल चालू केलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं. त्याच्या मनात आलं, या माणसाला पोरगा गेल्याचं दुःख आहे की आपण चुकीचे ठरू याची भीती आहे? पोराच्या चितेसमोरही ही माणसं स्वतःची बाजू मांडत बसतील.

फाटकाकडचा कॅमेरा लावून झाला. रोख बसवायचा होता. "साहेब, फाटकाबाहेर जरा उभे राहता?"

"मी नाही."

"मिनिटभर."

"सांगितलं ना, नाही!" आवाज एवढा चढला की काकू ओट्यापाशी होती ती बाहेर आली. पदराला हात पुसत स्वतःच फाटकाबाहेर गेली.

"हात वर करा, काकू."

तिनं केला. "असा?"

"हां... थांबा... दिसताय. या."

ती परत आली ती शिडीला धरून उभी राहिली. "तो पण असंच करायचा का रे?"

उंटानं सगळं सांगितलं. दिसतोय का. दिसतोय, ये. हात खाली करायचा नाही. ते ऊन, त्या शिव्या. काकू हसली. मग डोळे पुसले. साहेब खुर्ची उचलून आत गेले.

शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत अंधार झाला. तो दारावरचा. उंटानं वायर सरळ ओढली आणि भिंतीत घातली. झोळ दिला नाही. पाऊस कुठे आलाय आत्ता, सोमवारी बघू. काकूच्या फोनवर चित्र चालू करून दिलं, शिकवलं की हे बटण दाबलं की फाटकावरच्या कॅमेऱ्यातून बोलता येतं. मग शिडी गाडीला बांधून तो घरी आला. पहिल्या रात्री कॅमेरे स्वतःच्या फोनवर ठेवायचे, ही त्याची रीत. कोळी, मांजर, कशानं खोटे इशारे येतात ते कळतं.

पावणेतीनला फोन थरथरला. फाटकासमोर माणूस.

उंटानं झोपेतच बघितलं. रात्रीचं चित्र, काळंपांढरं. गल्ली. फाटक. फाटकाबाहेर कुणीतरी उभं. चेहरा नीट येत नव्हता.

हात वर होता.

मनगटात काहीतरी गोल.

उंट उठून बसला. तेवढ्यात काकूचा फोन. तिनं नुसतं विचारलं, "बघतोयस?"

"हो."

"तोच ना?"

चित्रातला माणूस हलत नव्हता. अजिबात नाही. कॅमेऱ्याच्या माइकमधून आधी वारा ऐकू आला. मग कडी वाजली. मग...

"दिसतोय का?"

हळू आवाज. थकलेला. खूप वेळ उभं राहिलेल्या माणसाचा.

फोनमध्ये काकूचा श्वास. तिच्यामागून साहेबांची चप्पल घासत आली. "कुणाशी बोलतेस एवढ्या रात्री? काय बघतेस? आण इकडे."

चप्पल थांबली.



"अस्साच," साहेब म्हणाले. "त्या रात्री पण अस्साच... हात वर करून..."

उंटाला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्याच्या घरातली की त्यांच्या, कळेना.

"आला होता," काकू म्हणाली.

साहेबांची चप्पल मागे सरकली.

"वरच्या खिडकीतून बघितलंत तुम्ही."

"मला वाटलं, उभा राहू दे जरा. अक्कल येईल. सकाळी घेऊ आत..."

"पडदा ओढलात?"



"दिसतोय का?" फाटकावरून पुन्हा.

"म्हणा," काकू म्हणाली. रडत नव्हती. तिचा असा आवाज उंटानं कधी ऐकला नव्हता. "तो विचारतोय. म्हणा त्याला."

"अगं, हे काहीतरी..."

"म्हणा!"

बटण दाबल्याचा टक्क आवाज आला. साहेबांनी घसा साफ केला. आयुष्यभर हुकूम सोडलेला माणूस. त्याला एक शब्द जमेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा मोडली.

"दिस... दिसतोय."

फाटकाबाहेरचा माणूस तसाच. हात वरच.

"पुढचं," काकू म्हणाली.

साहेबांचा हुंदका ऐकू आला. "ये" काही आलं नाही. पोरगा मेला तरी या माणसाच्या तोंडून तेवढं एक अक्षर निघेना. शेवटी काकूनं फोन ओढून घेतला.

"ये, बाळा. ये घरात."

हात खाली आला. हळूहळू. आणि चित्र पांढरं झालं. गल्ली दिसली तेव्हा रिकामी होती.

काकूनं दार सताड उघडलं. दारावरच्या कॅमेऱ्यात उंटाला ती दिसत राहिली, उंबऱ्यात बसलेली, शाल न घेता. साडेतीनच्या सुमाराला तोही कॅमेरा मिनिटभर पांढरा झाला. मग पुन्हा ती, तशीच. वाट बघत. उजाडेपर्यंत.

कुणी आत आलं नाही.

सकाळी उंट गेला. काकू अजून उंबऱ्यातच. "मी ये म्हटलं रे," ती म्हणाली. "नाही आला. माझ्या म्हणण्यानं नसेल यायचं त्याला." साहेब आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. उंटाला वाटलं, चार शब्द ऐकवावेत. त्यांची पाठ बघितली आणि राहिलं.

तो वळला. नजर सहज वर गेली.

"शिडी आहे का तुमच्याकडे?"

"शिडी? नाही. का रे?"

काका इथे थांबला. टॉर्च पिवळी पडत चालली होती. पोरांपैकी कुणाचा फोन वाजला, कुणी उचलला नाही.

"मी स्वतः जाऊन बघितलंय ते," काका म्हणाला. "पावसाळा होऊन गेला, त्या भिंतीत थेंब गेलेला नाही."

दारावरच्या कॅमेऱ्याची वायर, जी उंटानं सरळ ओढून भिंतीत घातली होती, तिला वळचणीखाली झोळ होता. नीट, हातभर. वर निळ्या टेपचे तीन वेढे. आणि टेपचं टोक दुमडलेलं होतं.