दोष मुरंब्याचा

प्राणिवर्तन प्रयोगशाळेच्या पडद्यावर मुरंब्याच्या गळपट्ट्यातली नोंद उलगडत होती आणि डॉ. विभावरी ओक खुर्चीत ताठ बसून ती पाहत होत्या. अशी नोंद वाचायची पद्धत त्यांनीच शोधून काढलेली. शहरात कुत्रा कुणाला चावला की मालक आणि चावा खाल्लेला माणूस तावातावाने भांडत इथे येत, आणि बाई दोन वाक्यांत दोष कुणाचा ते सांगून मोकळ्या होत. आज चावणारा कुत्रा त्यांचाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मुरंबा म्हणजे तपकिरी, लठ्ठ, महाआळशी जीव. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराचेही हात चाटायचा. तो चावला यावर इमारतीत कुणाचा विश्वास बसेना. पण राजरत्न घोडेस्वार या तरुणाच्या मनगटाला टाके पडले होते, त्यामुळे चौकशी टळणार नव्हती. बाईंच्या शेजारचा, त्यांच्याच मालकीचा रिकामा फ्लॅट भाड्याने मिळेल का, हे बघायला तो आला होता. त्यांनी त्याला पूर्वी कधी पाहिलेही नव्हते.

बाईंचा शोध तसा साधा होता. माणसाला कुणाचा तिटकारा आला की त्याच्या घामात एक द्रव्य उतरते. आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, कुत्र्याला मात्र लख्ख कळते. या गंधाला त्यांनी द्वेषगंध असे नाव दिले होते. मालकाच्या अंगाला द्वेषगंध आला की कुत्र्याच्या लेखी तो हुकूम. शहरातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळपट्ट्यात आता गंधलेखक असे. आसपासचा द्वेषगंध कुणाच्या अंगाचा आणि किती, हे तो आवाजासकट टिपून ठेवी. दोष कुत्र्याच्या स्वभावाचा निघाला तर त्याला कायमचे झोपवायचे, मालकाचा निघाला तर कुत्रा वाचवायचा, हा नियमही बाईंनीच लिहून दिला होता.

"ऐकायचं ना, मॅडम?" यास्मिन तांबोळीने विचारले. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता चौकशीप्रमुख.

"लाव."

पडद्यावर द्वेषगंधाची रेघ सपाट सरकू लागली. त्याबरोबर बाईंचाच प्रसन्न आवाज आला. "या, या. काय नाव म्हणालात?"

"राजरत्न."

"छान. पूर्ण नाव?"

"राजरत्न घोडेस्वार."

मग गुरगुर, किंकाळी आणि एकच गोंधळ. यास्मिनने नोंद थांबवली.

"आडनाव ऐकल्यावर चढली का गं रेघ?" बाईंनी पडद्याकडे झुकून विचारले.

"नाही, मॅडम. तुम्ही पूर्ण नाव विचारलंत ना, त्याच्या आधीच चढायला लागली. आडनावावर फक्त टोकाला पोचली. आणि गंध तुमचाच आहे."

"अगं, सहज विचारलं मी! आपल्याकडे सगळेच विचारतात. आडनाव काय, मूळचे कुठले..."

"हो. घर शोधताना मलाही विचारायचे," यास्मिन म्हणाली आणि पडद्याकडे बघत राहिली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. जात मानणाऱ्यांवर त्या भर सभेत तुटून पडत. त्यांच्या घरात कुणाचा कप वेगळा नव्हता. लोकांच्या डोळ्यांतली कुसळे त्यांनी यंत्र लावून मोजली होती, आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ कुत्र्याने दाखवले होते.

"त्या दिवशी उकाडा फार होता," त्या हळूच म्हणाल्या. "घामाने मोजणीत चूक होऊ शकते."

"तसं लिहिते. मग दोष मुरंब्याच्या स्वभावावर जाईल."

यावर बाई ताबडतोब काही बोलल्या नाहीत. आपण गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यात हिशेब करत होतो, याची लाज त्यांना पुढे चाव्यापेक्षाही जास्त वाटली. अखेर त्या म्हणाल्या, "नको. माझा दोष लिही."

मुरंब्याचा जीव वाचला. आता उरली पुनर्भेट चाचणी. मालकाने कुत्र्यासमक्ष त्या माणसाची माफी मागायची. कुत्रा शांत राहिला तर तो घरी जाणार, नाहीतर त्याच्यासाठी दुसरे घर शोधायचे.

राजरत्न हाताला पट्टी बांधून आला. मुरंब्याची साखळी यास्मिनच्या हातात होती. बाईंनी हात जोडले.

"चूक माझी झाली. तुमचं आडनाव विचारायचं मला काही कारण नव्हतं. मला खरंच लाज वाटते. मला माफ करा."

त्यांचे डोळे भरून आले होते. राजरत्न संकोचून काहीतरी बोलणार, एवढ्यात मुरंबा उठला. त्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले आणि राजरत्नकडे बघत तो गुरगुरला.

"अजून?" राजरत्नने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मी मनापासून मागतेय हो," बाई म्हणाल्या, आणि ते खोटे नव्हते. पण हात जोडताना त्याच मनातून एक विचार सरकून गेला होता. याच्यासमोर हात जोडायची वेळ आली! धरणीने पोटात घ्यावे असे त्यांना झाले.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" यास्मिन म्हणाली.

हे वाक्य बाईंनी आजवर कितीतरी मालकांना ऐकवले होते. त्या बाहेर गेल्या आणि दाराच्या काचेतून बघत राहिल्या. मुरंब्याचे केस बसले. त्याने राजरत्नची पट्टी हुंगली, शेपूट हलवली आणि त्याच्या पायाशी अंग टाकले. राजरत्नने आधी हात आखडता घेतला, मग बऱ्या हाताने त्याचे कान खाजवले.

"नवं घर शोधायचंय त्याला. तुम्ही नेता का? तुमच्याजवळ शांत आहे बघा," यास्मिनचा आवाज आला.

"न्यायला काय, आवडेल की. पण ठेवू कुठं? मलाच अजून घर मिळालं नाही."

विभावरीबाईंनी ते ऐकले. त्यांचा शेजारचा फ्लॅट अजून रिकामाच होता. आत जाऊन एवढेच सांगायचे होते. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. पलीकडे मुरंब्याने मान वर केली, त्याच्या पाठीवरचे केस पुन्हा ताठ होऊ लागले, आणि त्यांनी हात काढून घेतला.