अर्धी वाट

जरा जवळ सरका, खुर्ची ओढून घ्या. पंखा बंद करते, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. येत्या ऑगस्टपासून नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत तुमच्याकडे येतंय. किल्ल्या दिल्या, याद्या दिल्या. पण एक गोष्ट कुठल्याच फायलीत नाही, ती सांगायची राहिली आहे. घडली तशी सांगते. ती का घडली ते मात्र मला विचारू नका.

एकतीस वर्षं मी या टेबलाशी बसले. पदवीला येणारी पोरं ढोल बडवत येतात, त्यांना स्वागत लागत नाही; ती स्वतःच स्वतःचं करून घेतात. पण पुढचं शिकायला, संशोधनाला येणारी माणसं वेगळी. तिशी-चाळिशीतली, नोकरीवरून रजा काढलेली, मुलंबाळं आईकडे ठेवून आलेली. त्यांना एक खोली मिळते, एक टेबल मिळतं आणि एक मार्गदर्शक, जो बहुतेक परदेशात असतो. पहिल्या तीन महिन्यांत जो गळतो तो अभ्यासापायी गळत नाही. त्याला दिवसभरात कोणी हाक मारलेली नसते, म्हणून गळतो.

म्हणून मी घरची रीत इथे आणली. दारी आलेल्याला आधी बसायला द्यायचं, मग पाणी द्यायचं. तो पाणी प्यायला की म्हणायचं, "इथे सगळं शांत आहे. तुमचं येणं कशासाठी झालं?" पाण्याआधी विचारायचं नाही, आणि विचारल्याशिवाय पाहुण्यानेही सांगायचं नाही. प्रत्येक नवा विद्यार्थी उठतो, आपलं येणं सांगतो आणि बसतो. मधेच कोणाचं बोलणं काळजाला भिडलं, तर आपल्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना बायका गाणं उचलतात ना, तसं मी उचलते. माझी आई उचलायची. पाळक हात जोडून थांबायचा, गाणं संपलं की त्याच्या शब्दांना नवं बळ आलेलं असायचं. देवाचं वचन नुसतं बोलून पुरत नाही, त्याला कोणीतरी सूर द्यावा लागतो, असं ती म्हणायची.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात चार दिवस झिमझिम चालली होती. समुद्र राखाडी, दालनाच्या खिडक्यांवर खारट ओल, आणि खालच्या कोळीवाड्यातून मासे धुरावर सुकवल्याचा वास. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. माझा कारकून कोबिना ग्लास भरत होता आणि तोंड चालूच होतं.

"आंटी, पुढच्या वर्षी बाटल्या वाटू या. माझं मनगट दुखतंय."

"बाटली वाटतात ती बसमध्ये. भर तू."

एकेक जण उठला, बोलला, बसला. नांदोमहून आलेली पास्कालिना देरी मला त्या दिवसापासूनच लक्षात राहिली. देशाच्या पार वायव्य टोकाहून दोन दिवस बसने आलेली, चौतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. ती हळू बोलली, पण एक शब्द इकडेतिकडे नाही. म्हणाली, "आमची जमीन दोन पावसांत दगड का होते, ते शोधायला मी आलेय. म्हणजे माझ्या मुलाला त्याच्या बापासारखं मजुरीला दक्षिणेत जावं लागणार नाही." तिचा नवरा गेला होता तो परतला नव्हता, हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त गाणं उचललं.

शेवटची खुर्ची खिडकीशी होती. तिथे एक तरुण बसला होता. पांढरा सदरा, इस्त्रीच्या घड्या अजून तशाच, हात गुडघ्यांवर. ग्लास रिकामा करून त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आता त्यालाच विचारायचं राहिलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून डीनसाहेबांचा निरोप आला: कुलगुरूंची गाडी फाटकाशी आली, आंटींना ताबडतोब बोलवा.

मी त्याला हाताने थांबवलं. "बसा हं. आलेच मी."

तासाभराने परत आले तेव्हा खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. कोबिना यादी घेऊन उभा होता.

"खिडकीशी बसलेला कुठे गेला रे?"

"खिडकीशी कोण? पंचवीस नावं, पंचवीस माणसं."

"मी सव्वीस ग्लास मोजले."

"स्वतःला धरलंत तुम्ही. कुलगुरू आले की तुमचं असंच होतं."

मी हसले. पण कट्ट्यावर तो ग्लास होता, आणि खुर्चीखालच्या फरशीवर लाल मातीची कोरडी धूळ होती, दोन बुटांच्या आकाराची. मघाशी मला त्याच्या बुटांवरही ती दिसली होती. चार दिवसांच्या पावसात कोरडी धूळ आणली कुठून त्याने, एवढंच मनात आलं. मग कामं आली.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयाची ओळख, त्यानंतर मार्गदर्शकाशी कसं बोलावं त्याची बैठक, मग प्रस्ताव कसा लिहावा त्याची. प्रत्येक बैठकीला सह्यांचा कागद फिरतो, तो तुम्ही पाहिलाय. नाव, विषय, येण्याचं कारण. तिन्ही वेळा पंचवीस ओळी भरलेल्या, आणि सव्विसाव्या ओळीवर काही लिहिलेलं नाही. फक्त ओल्या ग्लासाचं वर्तुळ. कोबिना म्हणाला, कोणीतरी कागदावर पाणी ठेवतंय. मी म्हटलं, असेल.

ऑक्टोबर लागला आणि पास्कालिना बैठकांना यायची बंद झाली. डिसेंबरात तिला समितीपुढे प्रस्ताव मांडायचा होता. तो फसला तर जागा जाते, आणि जागा गेली की शाळेची रजाही रद्द होते. मी तिच्या वसतिगृहावर गेले. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. दुपारचे दोन वाजले होते. मी वाटेत घेतलेला मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उकडलेला गोळा आणि मासा तिच्यापुढे ठेवला.

"खात नाहीस वाटतं. तुमच्याकडची ती पिठाची उकड, तुओ, इथे कोण करणार, म्हणून उपास?"

"भूक नाही आंटी. तसं बरं चाललंय. सोबत आहे मला."

"कोणाची?"

तिने खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "ते येऊन बसतात. फार सभ्य आहेत. मी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. आणि विचारायची रीत तुमची, मी इथे पाहुणी, मी कसं विचारणार, म्हणून आम्ही नुसते बसतो. किनाऱ्यावरची माणसं अशीच असतात, असं मला वाटलं."

"आणि काय करतात?"

"पाणी पितात."

कोपऱ्यातली बादली कोरडी होती. टेबलावर ग्लासांच्या वर्तुळांवर वर्तुळं उमटली होती, आणि त्यांच्या मधे कोऱ्या कागदांचा गठ्ठा. सहा आठवड्यांत एक ओळ नाही. पास्कालिनाचे ओठ फुटले होते. ती बोलत होती तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण ती बसली होती ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"पास्कालिना," मी म्हटलं, "तू इथे कशासाठी आलीस?"

तिने तोंड उघडलं. मग कोऱ्या कागदांकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "तुम्ही गाणंसुद्धा म्हणालात. काय सांगितलं होतं मी?"

मला ते वाक्य पाठ होतं. पण ते मी तिला परत दिलं तर ते माझं झालं असतं, तिचं नव्हे. मी नुसतं म्हटलं, "उद्या येते."

"येते म्हणू नका," ती म्हणाली. "त्यांना ते आवडत नाही."

तिला हे कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

रविवारी चर्चमध्ये माझं लक्ष प्रवचनात नव्हतं. तीन वेळा गाणं उचलायची जागा आली आणि गेली. बायका माझ्याकडे वळून पाहत होत्या. पाळक बोलत होते दारात उभ्या राहिलेल्या परक्याबद्दल. मला माझ्या परक्याला विचारायचं राहिलं होतं. बाकी त्याचं काही चुकलं नव्हतं. पाणी घेतलं होतं, रीत पाळली होती, आणि मी थांब म्हटलं म्हणून तो थांबला होता.

सोमवारी दुपारी मी घरून पाण्याची सुरई आणि तीन ग्लास नेले. पास्कालिनाला पलंगावर बसवलं, मी स्टुलावर बसले. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिन्ही ग्लास भरले आणि एक कट्ट्यावर ठेवला.

बाहेर समुद्राचा आवाज होता. मग नव्हता.

कट्ट्यावरच्या ग्लासातलं पाणी खाली जाऊ लागलं. सावकाश, कोणी घोट घोट घ्यावं तसं.

पाणी तळाला गेलं. मी उठून उभी राहिले, कारण आपण उभं राहूनच विचारतो.

"इथे सगळं शांत आहे," मी म्हटलं. "तुमचं येणं कशासाठी झालं?"



पाळकाचे शब्द अडतात तेव्हा जे करायचं असतं, तेच मला सुचलं. मी गाणं उचललं, आईचं, जुनं. पहिली ओळ माझी एकटीची झाली. दुसऱ्या ओळीला खुर्चीतून खालचा सूर लागला.

पुरुषाचा आवाज. फार दिवस न वापरलेला.

गाणं संपलं आणि तो आवाज बोलू लागला. "आमची जमीन दोन पावसांत दगड का होते, ते शोधायला मी..."

"ते माझं आहे," पास्कालिना म्हणाली.

आवाज थांबला.

ती पलंगावरून उठली होती. मी अंगणात तिच्याहून धिप्पाड बायका भांडताना पाहिल्यात. असा स्वर ऐकला नाही. तिने ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मुलाचं म्हटलं, त्याच्या बापाचं म्हटलं. मग ग्लास उचलून पाणी गटागट प्यायली.

मी खुर्चीकडे वळले. "आणि तुमचं?"



"माझं जे होतं ते आता आठवत नाही," आवाज म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. "आपण म्हणालात, बसा, आलेच मी. म्हणून बसलो."

मी माफी मागितली. दुसरं काय होतं माझ्याजवळ?

मग निघताना पाहुणा मागतो तसा त्याने रीतीप्रमाणे निरोप मागितला, "आता मला वाट द्यावी."

आणि मी, सुटले या आनंदात, इतकी वर्षं निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला जे म्हणत आले तेच म्हणाले. "अर्धी वाट दिली."

खुर्ची किंचित करकरली. समुद्राचा आवाज परत आला.

जिना उतरताना पास्कालिनाने माझा हात धरला होता. तिला भूक लागली होती. मधल्या पायरीवर तिने विचारलं, "आंटी, अर्धीच वाट का?"

"आपल्याकडे पुरी वाट देत नाहीत, बाई. उरलेली अर्धी यजमानाकडे राहते. म्हणजे पाहुणा परत..."

मी वळून वर, तिच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

डिसेंबरात पास्कालिनाचा प्रस्ताव मंजूर झाला. आज ती नांदोमला आहे, मुलगा तिच्याच शाळेत जातो, दर नाताळला मला तिकडच्या शिया झाडाच्या बियांच्या लोण्याचा डबा येतो. त्यानंतर सह्यांच्या कागदावर एकदाही वर्तुळ उमटलं नाही. तुम्हाला भ्यायचं कारण नाही. स्वागत करा, पण पाणी दिल्यावर विचारल्याशिवाय उठू नका, कुलगुरू आले तरी. आणि "आलेच मी" असं कोणालाही म्हणू नका, म्हणजे झालं.

तो इथे येणार नाही. वाट इमारतीने दिली नव्हती, मी दिली होती. माझं घर तुम्ही पाहिलंय, चर्चमागचं. नवरा गेला, मुली परदेशात. खिडकीजवळ एक खुर्ची रिकामीच असते. गेल्या महिन्यात ती पुसताना फडक्याला लाल धूळ लागली. तेव्हापासून सकाळी मी दोन ग्लास भरते. माझं गाणं म्हणून होईस्तोवर दुसरा रिकामा होतो. विचारते मी रोज, तुमचं येणं कशासाठी. अजून त्याला आठवलेलं नाही. मला घाई नाही.

एवढंच मागते. रविवारी प्रार्थनेत नावं घेता, तेव्हा माझं नाही घेतलंत तरी चालेल. खिडकीशी बसलेल्या त्या एकाची आठवण करा. नाव मी विचारलं नाही.